गोल्फची शिकवणी प्रत्येक विद्यार्थ्यासाठी किती बदलावी?

रेंजवरचा_मास्तर

नमस्कार. मी पुण्यात एका ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, गोल्फ शिकवतो. आमच्या संस्थेत शिकवण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी ग्रिप (क्लब, म्हणजे गोल्फची काठी, धरण्याची पद्धत), मग उभे राहण्याची पद्धत, मग अर्धा स्विंग (क्लब फिरवून मारण्याची क्रिया), मग पूर्ण स्विंग आणि सर्वांत शेवटी चिपिंग व पटिंग (होलजवळचे छोटे फटके आणि चेंडू होलमध्ये ढकलणे). नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हाच क्रम लागू होतो. यामागे विचार आहे हे मला मान्य आहे, कारण एखाद्या दिवशी दुसऱ्या प्रशिक्षकाने तास घेतला तरी विद्यार्थ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

परंतु सध्या माझ्याकडे लागोपाठच्या तासांना दोन विद्यार्थी येतात आणि त्या दोघांना एकाच क्रमाने शिकवणे मला पटेनासे झाले आहे. पहिले गृहस्थ त्रेसष्ट वर्षांचे निवृत्त अभियंते आहेत. उजव्या हाताने खेळतात, पाठ आणि कंबर आखडलेली आहे, आणि ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारण्याच्या क्लबने) मारलेला चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळत वळत अखेर उजव्या जाळीत जातो. प्रत्येक सूचनेचे कारण त्यांना हवे असते आणि ते सगळे वहीत लिहून घेतात. दुसरी विद्यार्थिनी तेरा वर्षांची आहे. तिचा क्लब वर जाताना बाहेरून जातो आणि खाली येताना वळसा घेऊन आतून येतो. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यातील स्विंगशी त्याचे काहीही साम्य नाही, पण सात नंबरच्या आयर्नने (मध्यम अंतराच्या क्लबने) मारलेले तिचे चेंडू एकामागून एक जवळजवळ एकाच ठिकाणी पडतात. मी दोन वाक्यांच्या पुढे बोललो की तिचे लक्ष उडते.

माझा प्रश्न असा आहे की, शिकवण्यातील कोणता भाग सर्वांसाठी सारखाच ठेवावा आणि कोणता भाग समोरच्या माणसाप्रमाणे बदलावा, याची सीमारेषा आपण कशी ठरवता? मुलीचा वळसा काढून टाकावा की तसाच राहू द्यावा? आणि दोघे एकमेकांचे तास पाहतात, त्यावरून स्वतःवर प्रयोग करतात, हे चालू द्यावे का?

ऑस्टिनकर

मास्तर, मी बरीच वर्षे टेक्सासमध्ये ऑस्टिन येथे राहतो. इथे गोल्फच्या शिकवणीचा विषय निघाला की हार्वी पेनिक यांचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही, आणि आपला शेवटचा प्रश्न तर त्यांनी फार पूर्वीच सोडवून ठेवला आहे. १९०४ साली जन्मलेले पेनिक आठव्या वर्षी ऑस्टिन कंट्री क्लबमध्ये कॅडीचे, म्हणजे खेळाडूची बॅग वाहण्याचे, काम करू लागले, १९२३ साली तेथेच मुख्य प्रशिक्षक झाले, आणि १९३१ ते १९६३ या काळात टेक्सास विद्यापीठाच्या संघाचेही प्रशिक्षक होते. मिकी राइट, बेट्सी रॉल्स, कॅथी व्हिटवर्थ अशा थोर खेळाडूंनी त्यांच्याकडून धडे घेतले, आणि आठवड्यातून एकदा खेळणारे क्लबचे साधे सभासदही त्यांच्याकडेच येत.

त्यांचे दोन शिष्य विशेष गाजले, बेन क्रेनशॉ आणि टॉम काइट. दोघे साधारण एकाच वयाचे, एकाच शहरात वाढलेले आणि एकाच गुरूचे विद्यार्थी. तरीही पेनिक यांनी त्यांना कधी एकत्र शिकवले नाही, इतकेच नव्हे तर एकाचा तास दुसऱ्याला पाहूही दिला नाही. एकाला सांगितलेली गोष्ट दुसऱ्याने ऐकली तर तो ती स्वतःवर लागू करून पाहील आणि जे मुळात बिघडलेले नाही ते बिघडवून बसेल, ही त्यामागची काळजी होती. काइटला रेंजवर हवे तितके चेंडू मारण्याची मुभा होती, कारण त्याचा खेळ मेहनतीवर उभा होता आणि सरावातूनच त्याला विश्वास मिळत असे. क्रेनशॉच्या हातांत उपजत जाण होती. तो रेंजवर फार रेंगाळला तर चांगल्या स्विंगमध्ये दोष शोधू लागेल, असे वाटल्यामुळे त्याला मैदानावर जाऊन खेळण्यास सांगितले जाई. १९७२ साली अमेरिकेतील आंतरविद्यापीठ स्पर्धेचे वैयक्तिक विजेतेपद या दोघांनी संयुक्तपणे मिळवले. पुढे काइटने १९९२ मध्ये पेबल बीच येथे यूएस ओपन जिंकली, आणि क्रेनशॉने १९८४ व १९९५ अशी दोनदा मास्टर्स स्पर्धा जिंकली. एकमेकांचे उलटे वाटावेत अशा सल्ल्यांवर वाढलेले हे दोन खेळाडू एकाच पातळीला पोहोचले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

१९९५ ची ती मास्टर्स तर प्रत्येक प्रशिक्षकाने मनात ठेवावी अशी आहे. त्या वर्षी मार्चमध्ये पेनिक अंथरुणाला खिळलेले होते, तरीही भेटायला आलेल्या क्रेनशॉला त्यांनी पटिंगचा धडा दिला. २ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. स्पर्धेच्या आठवड्यातच, बुधवारी, क्रेनशॉ आणि काइट स्पर्धेचे ठिकाण असलेल्या ऑगस्टाहून ऑस्टिनला येऊन अंत्यसंस्काराला उपस्थित राहिले आणि त्याच दिवशी परत गेले. त्याच आठवड्यात क्रेनशॉचे फटके नीट बसत नव्हते, तेव्हा ऑगस्टामध्ये त्याची बॅग अनेक वर्षे वाहणारे कॅडी कार्ल जॅक्सन यांनी त्याला दोनच गोष्टी सुचवल्या: चेंडू स्टान्समध्ये (उभे राहण्याच्या स्थितीत) किंचित मागे घ्यावा आणि खांदे अधिक घट्टपणे फिरवावेत. थोडेसे चेंडू मारताच त्याला फरक जाणवला आणि रविवारी तो एका फटक्याने विजयी झाला. त्या खेळाडूला वर्षानुवर्षे पाहणाऱ्या माणसाने त्या आठवड्यापुरते काय पुरेसे आहे ते ओळखले आणि बाकीच्या स्विंगला हात लावला नाही.

म्हणून माझे मत असे आहे की, आपल्या दोन विद्यार्थ्यांच्या तासांमध्ये थोडे अंतर ठेवावे. संस्थेला कारण सांगावे लागले तर हेच सांगावे.

चेंडूचा_मागोवा

ऑस्टिनकर यांनी लिहिलेले मला मान्य आहे, तरीही मास्तरांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यात पूर्ण मिळत नाही. ‘प्रत्येकाचा स्विंग वेगळा’ हे वाक्य पुष्कळदा निदान टाळण्यासाठी वापरले जाते, आणि त्यात विद्यार्थ्याचे नुकसान होते. माणसे वेगवेगळी असतात, परंतु चेंडूला माणूस दिसत नाही. आघाताच्या क्षणी क्लबफेस (चेंडूला लागणारी क्लबची बाजू) कोणत्या दिशेला होता, क्लब कोणत्या मार्गाने येत होता, क्लबफेसच्या कोणत्या भागाला चेंडू लागला, किती वेगाने आणि किती उतरत्या कोनात लागला, एवढेच चेंडूला कळते. हा भाग सर्वांसाठी सारखाच आहे आणि सीमारेषा इथेच आखावी असे मला वाटते. आघाताचे नियम कोणासाठी बदलत नाहीत. त्या आघातापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र ज्याची त्याने आपल्या शरीराप्रमाणे धरावी.

इंग्लंडचे जॉन जेकब्स (१९२५–२०१७) हे या विचाराचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे शिक्षक होते. ते आधी विद्यार्थ्याचा चेंडू उडताना पाहत आणि त्यावरून मागे येत क्लब कसा आला असेल हे सांगत. आता रडारवर चालणारी यंत्रे आल्यामुळे तपशील आणखी स्पष्ट झाला आहे. चेंडू सुरुवातीला ज्या दिशेने निघतो, त्यात क्लबफेसच्या दिशेचा वाटा ड्रायव्हरच्या बाबतीत सुमारे ८५ टक्के आणि आयर्नच्या बाबतीत सुमारे ७५ टक्के असतो. पुढे तो किती वळेल हे क्लबफेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातील फरकावर अवलंबून असते.

आता आपल्या अभियंत्यांकडे पाहू. चेंडू डावीकडे निघतो, याचा अर्थ आघाताच्या वेळी क्लबफेस लक्ष्याच्या डावीकडेच आहे. तो उजवीकडे वळतो, याचा अर्थ क्लबचा मार्ग त्याहूनही अधिक डावीकडे आहे, म्हणजेच मार्गाच्या तुलनेत क्लबफेस उघडा आहे. अशा खेळाडूला बहुतेक जण ‘आतून मारा’ असे सांगून मोकळे होतात. परंतु चेंडू उजवीकडे जातो हे वर्षानुवर्षे पाहिल्यामुळे त्यांचे शरीर आपोआप डावीकडे मारू लागलेले असते. तेव्हा आधी ग्रिप पाहावी. डावा हात क्लबवर थोडा उजवीकडे फिरवून चेंडू सरळ डावीकडे जाऊ लागला, तर ते पाहूनच त्यांचा मार्ग आपोआप सुधारू लागेल, कारण आता डावीकडे मारण्याचे कारणच उरलेले नसते. त्यांना हे कारण वहीत लिहायला अवश्य द्या. अभियंत्याला कार्यकारणभाव समजला की तो सूचनेशी प्रामाणिक राहतो.

ग्रिपला हात लावण्यापूर्वी मात्र एक गोष्ट तपासावी, आणि हे मी आवर्जून सांगतो. ड्रायव्हरच्या क्लबफेसवर पायाला लावण्याच्या पावडरचा फवारा मारावा आणि त्यांना पाच-सहा चेंडू मारू द्यावेत. पावडरीवर चेंडूचा ठसा स्पष्ट उमटतो. तो ठसा टाचेकडे असेल, म्हणजे शाफ्टच्या (क्लबच्या दांड्याच्या) बाजूला, तर केवळ त्यामुळेही चेंडू उजवीकडे वळतो, आणि मग ग्रिप बदलल्याने गोंधळ वाढेल. दुसरे असे की आपली रेंज मॅटची असेल तर आयर्नचे फटके फसवे ठरतात. क्लब चेंडूच्या मागे जमिनीवर आपटला तरी मॅटवरून घसरत पुढे जातो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. तोच फटका गवतावर मारला तर क्लब मातीत रुततो. चेंडूच्या मागे चार बोटांवर घडी घातलेला टॉवेल ठेवला की लगेच खरे काय ते कळते.

मुलीच्या वळशाबद्दल जिम फ्युरिक याचे उदाहरण पुरेसे आहे. त्याच्या स्विंगमधील वळसा जगाने पाहिला आहे. त्याचे वडील माइक फ्युरिक स्वतः गोल्फचे व्यावसायिक प्रशिक्षक होते, त्यांनीच त्याला शिकवले आणि तो वळसा राहू दिला. त्या स्विंगने फ्युरिकने २००३ ची यूएस ओपन जिंकली, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिपमध्ये ५८ फटक्यांत फेरी पूर्ण करून पीजीए टूरचा (अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेचा) विक्रम केला. मुलीचा टॉवेल हलत नसेल, ठसा मध्यभागी उमटत असेल आणि चेंडू त्याच त्या जागी पडत असतील, तर भिंतीवरचा तक्ता बाजूला ठेवावा.

क्रीडाशिक्षिका

मास्तर, मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि सवड मिळेल तेव्हा नाशिकला गोल्फ खेळते. वरच्या दोघांनी काय शिकवावे ते सांगितले आहे. कोणत्या शब्दांत आणि कोणत्या सरावाने शिकवावे, हा भाग मला थोडा मांडू द्या, कारण व्यक्तीनुसार खरा फरक इथेच पडतो. गाण्याची शिकवणी सुरू करताना गुरू आधी शिष्याचा आवाज ऐकून त्याची पट्टी ठरवतात, मग राग तोच असला तरी चालतो. तसेच काहीसे इथे आहे.

१९९९ साली गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फ कधीच न खेळलेल्या लोकांना पिच शॉट (कमी अंतराचा, उंच उडणारा फटका) शिकवण्याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला हातांच्या हालचालीकडे लक्ष देण्यास सांगितले आणि दुसऱ्या गटाला क्लबच्या हालचालीकडे. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे चेंडू सरावातही लक्ष्याच्या जवळ पडले आणि नंतर घेतलेल्या चाचणीतही. त्यामुळे मी मुलांना कोपर, मनगट, कंबर यांची नावे शक्यतो घेतच नाही. ‘त्या पिवळ्या झेंड्यावरून चेंडू उजवीकडून डावीकडे वळवून दाखव’ एवढे सांगितले की तेरा वर्षांचे मूल ते कसे करायचे हे स्वतः शोधू लागते. आपल्या विद्यार्थिनीचे लक्ष दोन वाक्यांनंतर उडते, हा तिचा दोष मानू नये. तिला दोनच वाक्ये लागतात, आणि तेही चेंडूविषयी.

सरावाच्या रचनेबद्दल शी आणि मॉर्गन यांचा १९७९ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. तो गोल्फचा नव्हता, हाताच्या हालचालींचा होता. एकच हालचाल सलग करणाऱ्यांची प्रगती सरावात वेगाने दिसली, पण काही दिवसांनी चाचणी घेतली तेव्हा हालचाली आलटून पालटून करणारे सरस ठरले. रेंजवर एकाच क्लबने टोपलीभर चेंडू मारताना जो आत्मविश्वास वाटतो तो मैदानावर का टिकत नाही, याचे बरेचसे उत्तर यात आहे. मुलीला प्रत्येक चेंडूला क्लब आणि लक्ष्य बदलायला लावावे. अभियंत्यांना मात्र नवी ग्रिप हातात बसेपर्यंत सलग आणि हळू सराव द्यावा, नाहीतर काहीच रुजणार नाही. ग्रिप बसली की तेही आलटून पालटून मारू लागतील.

त्यांच्या पाठीविषयी एक विनंती आहे. त्यांना खुर्चीवर बसवून, क्लब छातीवर आडवा धरून, गुडघे न हलवता दोन्ही बाजूंना वळायला सांगा. उजवीकडे वळताना ते लवकर अडत असतील, तर पूर्ण खांदे फिरवण्याची सूचना त्यांच्यासाठी निरुपयोगी आहे आणि कंबरेला धोकादायकही ठरू शकते. अशा वेळी उजव्या पायाचा चवडा थोडा बाहेर वळवू द्यावा आणि बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे नेताना) डावी टाच जमिनीवरून उचलू द्यावी. काही प्रशिक्षक टाच उचलणे दोष मानतात, पण थोर खेळाडू जॅक निक्लॉस आपल्या बहराच्या काळातही डावी टाच उचलत असत. या दोन सवलतींमुळे आखडलेल्या माणसाला वळायला जागा मिळते, आणि हातांनीच क्लब उचलून वरून खाली आणण्याची सवय कमी होते.

वही काढून घेऊ नका. फक्त तीत शरीराने काय केले याऐवजी चेंडूने काय केले हे लिहायला सांगा, आणि तासाच्या शेवटी एकच सूचना ठळक करायला सांगा.

रेंजवरचा_मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. पावडरीचा प्रयोग केला. अभियंत्यांचे बहुतेक ठसे टाचेकडे उमटले, त्यामुळे ग्रिपला तूर्त हात लावला नाही. चेंडूच्या पलीकडच्या बाजूला, क्लबला जेमतेम जागा राहील अशा अंतरावर चेंडूंचे रिकामे खोके ठेवले आणि खोक्याला न लागता चेंडू मारण्यास सांगितले. काही फटक्यांतच ठसा मध्याकडे सरकला. चेंडू अजून डावीकडे निघतो आहे, पण वळण निम्म्याहून कमी झाले. टाच उचलण्याची मुभा दिल्यावर त्यांना स्वतःला फार बरे वाटले. मुलीचा टॉवेल एकदाही हलला नाही, तेव्हा तिचा वळसा मी तसाच ठेवणार आहे, आणि दोघांच्या तासांमध्ये अंतर ठेवण्याची परवानगीही मिळाली आहे.

एक शंका उरते. मोठा बदल कधीच करू नये असे आपणा सर्वांचे म्हणणे आहे का?

ऑस्टिनकर

तसे मुळीच नाही. टायगर वुड्सने १९९७ ची मास्टर्स १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली आणि त्यानंतर प्रशिक्षक बुच हार्मन यांच्याबरोबर आपला स्विंग नव्याने बांधायला घेतला. १९९८ मध्ये त्याला पीजीए टूरवर एकच स्पर्धा जिंकता आली. २००० मध्ये त्याने वर्षातील चार मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या, स्पर्धांपैकी तीन जिंकल्या आणि २००१ ची मास्टर्सही. पण तो बदल त्या खेळाडूला स्वतःला हवा होता, त्याच्याकडे वय होते, दिवसभराचा वेळ होता, आणि मधले पडतीचे वर्ष सोसण्याची तयारी होती. या चारही गोष्टी विद्यार्थ्याकडे असतील तर मोठे काम अवश्य हाती घ्यावे. एकही कमी असेल तर छोट्या बदलावर थांबावे, कारण अर्धवट बदललेला स्विंग जुन्याहून वाईट असतो.

आपल्या अभियंत्यांना थेट विचारा की त्यांना या खेळातून काय हवे आहे. मित्रांबरोबर रविवारी खेळून कमी फटक्यांत परतणे एवढेच हवे असेल, तर पुढचा तास रेंजवर घेऊच नका. पेनिक नवशिक्यांना होलच्या जवळून सुरुवात करून मागे मागे नेत असत. पटिंग आणि चिपिंगला आखडलेली पाठ आड येत नाही, आणि फटके सर्वांत लवकर तिथेच वाचतात. संस्थेचा क्रम आपण उलटा केला तरी त्यातील एकही पायरी गळत नाही, हे वरिष्ठांना सांगता येईल.

क्रीडाशिक्षिका

मुलीबद्दल एक गोष्ट राहिली होती. या वयात उंची वर्षभरात बरीच वाढते. दर काही महिन्यांनी तिच्या क्लबची लांबी तपासा, आणि क्लब टेकवल्यावर त्याची टाच किंवा पुढचे टोक जमिनीवरून उचललेले दिसते का तेही पाहा. पुढे कधी तिचे चेंडू अचानक एका बाजूला जाऊ लागले, तर वळशाला दोष देण्याआधी क्लब तिला लहान पडत आहेत का हे पाहावे. तिच्या आई-वडिलांनाही हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते घाईने महागडा पूर्ण संच घेणार नाहीत. सध्या तिला एक पटर, एक वेज, सात नंबरचा आयर्न आणि एक हायब्रिड पुरे आहे.